कॅप्सूलमधले मेलेले जंतू
(रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला आरोग्यावर बोलायला उभं केलंय, तेव्हा काहींच्या मनात आलंच असेल की बँकेत चेक पास करणाऱ्या माणसाला यातलं काय कळतं? प्रश्न बरोबर आहे. मी डॉक्टर नाही. पण या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीत मी तुमच्यापैकी काही जणांनाही ओढलं. त्यामुळे हे भाषण म्हणजे थोडी माहिती आणि थोडा कबुलीजबाब आहे. भाषण करायची परवानगी आमच्या घरूनच मिळालेली आहे. परवानगी देणारी व्यक्ती दुसऱ्या रांगेत बसली आहे.

आपल्या लोणावळ्याचा पाऊस मी तुम्हाला काय सांगायचा? पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पाहुणे म्हणायचे, "काय भाग्य तुमचं, रोज धुकं!" पाहुणे रविवारी भुशी डॅमवर भिजतात आणि मक्याचं कणीस खाऊन संध्याकाळी परत जातात. आपण मात्र चार महिने ओलीला भिंत, कपाटात बुरशी आणि दोरीवर आठ दिवस न वाळणारे कपडे यांच्यासोबत काढतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी खोकत असतंच. लिफ्टमध्ये भेट झाली की "कसे आहात"च्या आधी "खोकला कसा आहे" विचारायची आपली पद्धत पडून गेली आहे.

आमच्या हिचं बालपण मावळातल्या एका खेड्यात, चुलीच्या धुरात गेलं. आयुष्यात कधी विडी-सिगारेट पाहिली नाही, पण साठीनंतर दर पावसाळ्यात छाती भरायची. पुण्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं की चुलीच्या धुरानेही फुप्फुसं तशीच खराब होतात. आपल्या पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने या विषयावर बरंच काम केलेलं आहे. सिगारेट न ओढणाऱ्यांनाही 'सीओपीडी' होतो, यावर डॉ. संदीप साळवी यांचा लेख २००९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला होता.

डॉक्टरांनी हिला पंप दिला, दोन लसी घ्यायला सांगितल्या आणि जोडीला एक कॅप्सूल लिहून दिली. महिन्यातले दहा दिवस, सकाळी रिकाम्या पोटी एक, असे तीन महिने. मी विचारलं, यात काय आहे? ते म्हणाले, "जंतूंचा अर्क." मी दचकलो. खोकला जंतूंमुळे होतो आणि औषध म्हणून पुन्हा जंतूच खायचे?

तिथून माझं वाचन सुरू झालं. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

गोष्ट आपल्या मुंबईपासूनच सुरू करू. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. पुढच्या वर्षी पुण्यात त्याने काय केलं हे आपण शाळेत शिकलो आहोत. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. रँडवर त्याच वर्षी २२ जूनला गोळी झाडली गेली. त्याच सुमारास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन नावाचा ओडेसाचा शास्त्रज्ञ काम करत होता. त्याने प्लेगचे जंतू वाढवले, उष्णता देऊन मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्या मेलेल्या जंतूंची सुई आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना टोचली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ती याच माणसाच्या नावाची. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, पण शरीराला त्याची ओळख करून देतो, हे तत्त्व आपल्या महाराष्ट्राने फार लवकर पाहिलं.

या हाफकिनचे गुरू म्हणजे मेचनिकॉफ. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे त्यांनी दाखवलं आणि १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. हेच गृहस्थ म्हाताऱ्या माणसांनी आंबवलेलं दूध खावं असं सांगत. म्हणजे आपल्या आजीचं दही-ताक पॅरिसपर्यंत पोचलं होतं म्हणा ना! मेचनिकॉफ यांचे दुसरे शिष्य बेस्रेदका. त्यांनी असा विचार मांडला की आतड्यांच्या रोगावरची लस सुईने देण्याऐवजी तोंडावाटे का देऊ नये? रोग ज्या दाराने येतो त्याच दारावर पहारा बसवायचा.

तोंडावाटे लस आपल्याला नवी नाही. पोलिओचे थेंब आपण सर्वांनी मुला-नातवंडांना पाजले आहेत. १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झाला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. त्या थेंबांत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. कॉलऱ्याची तोंडावाटे द्यायची लस आपल्याच देशात तयार झाली, तिच्यात मेलेले पण अख्खे जंतू असतात. कोलकात्यात सुमारे ६७ हजार लोकांवर तिची चाचणी झाली आणि पाच वर्षांत मिळून ६५ टक्के संरक्षण दिसलं. म्हणजे मेलेला जंतू पोटात जाऊनही काम करतो, हे सिद्ध झालेलं आहे.

आमच्या हिची कॅप्सूल मात्र तिसऱ्या प्रकारची. यात जंतू जिवंतही नसतात आणि अख्खेही नसतात. ते फोडून त्यांचे तुकडे केलेले असतात. त्याला 'लायसेट' म्हणतात. या जातीतलं सर्वांत जास्त अभ्यासलेलं औषध 'ओएम-८५'. त्यात छातीच्या आणि घशाच्या आजारात नेहमी सापडणाऱ्या जंतूंच्या २१ वाणांचा अर्क असतो. न्यूमोकॉकस, हिमोफिलस, क्लेबसिएला, स्टॅफिलोकॉकस ही त्यातली मंडळी. मोठ्यांना ७ मिलिग्रॅम, लहान मुलांना त्याच्या निम्मं.

आता प्रश्न असा की कॅप्सूल जाते पोटात आणि खोकला आहे छातीत. मग पोटातलं औषध छातीपर्यंत काय निरोप पोचवतं?

आपलं लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब असतं. त्याच्या अस्तरात जागोजागी छोटे उंचवटे असतात. योहान पायर नावाच्या स्विस वैद्याने १६७७ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना 'पायरचे पट्टे' म्हणतात. इकडे शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर होते, त्याच वर्षीची ही गोष्ट. ते पट्टे म्हणजे सैन्याच्या चौक्या आहेत, हे कळायला मात्र पुढे फार काळ जावा लागला. शरीराच्या प्रतिकार-पेशींचा मोठा हिस्सा आतड्यांभोवतीच असतो. साहजिकच आहे, दिवसातून तीन-चार वेळा बाहेरचा माल आत येतो तो तिथूनच.

या चौकीवरच्या काही पेशी आतड्यातून जाणाऱ्या मालाचा नमुना उचलतात आणि आतल्या 'डेंड्रायटिक' पेशींकडे देतात. या पेशींना फांद्या असतात. त्या तुकडा तपासतात. त्यांच्या अंगावर 'टोल-लाइक रिसेप्टर' नावाचे स्पर्शक असतात आणि हा तुकडा जंतूचा आहे की भाकरीचा हे ते ओळखतात. या शोधांना २०११ चं नोबेल मिळालं. डेंड्रायटिक पेशी शोधणारे राल्फ स्टाइनमन पारितोषिक जाहीर व्हायच्या तीनच दिवस आधी वारले. नियम असा की मृत व्यक्तीला नोबेल द्यायचं नाही, पण समितीला निधनाची बातमी नव्हती, म्हणून ते कायम ठेवलं गेलं.

ओळख पटली की या पेशी पुढच्या पेशींना कामाला लावतात. 'बी' पेशी 'आयजीए' नावाची प्रतिपिंडं तयार करायला लागतात. ही प्रतिपिंडं नाक, घसा, श्वासनलिका यांच्या ओलसर अस्तरावर पसरतात आणि जंतूला चिकटू देत नाहीत. 'टी' पेशींत दोन कामं होतात. काही पेशी लढायला तयार होतात, तर काही पेशी लढाई हाताबाहेर जाऊ नये म्हणून लगाम धरतात. हा लगाम महत्त्वाचा, कारण दम्यात आणि घरघर लागण्यात निम्मं नुकसान जंतू करतात आणि निम्मं आपलंच सैन्य करतं.

छातीपर्यंत निरोप पोचतो तो असा. आतड्यात शिकलेल्या या पेशी रक्तातून फिरत फिरत शरीराच्या दुसऱ्या ओलसर अस्तरांत जाऊन मुक्काम करतात. पोटातलं आणि श्वासनलिकेतलं अस्तर एकाच खात्याचं आहे, शाखा वेगवेगळ्या. प्रशिक्षण एका शाखेत आणि पोस्टिंग दुसऱ्या शाखेत, हे आम्हा बँकवाल्यांना समजायला अवघड नाही. प्राण्यांमध्ये हे स्पष्ट दिसलं आहे. माणसांतही काही चाचण्यांत आयजीए वाढल्याचं आढळलं आहे.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या, कारण माझी चूक इथेच झाली. लस म्हणजे एका ठरावीक चोराचा फोटो काउंटरवर लावणं. तो आला की लगेच पकडायचा. हा अर्क म्हणजे मुख्यतः हेड ऑफिसचं सर्क्युलर: "सध्या खोट्या नोटा फिरत आहेत, सर्वांनी सतर्क राहावे." सर्क्युलरने कॅशियर जागा राहतो, नोट उजेडात धरून बघतो. पण काही महिन्यांनी सर्क्युलर फायलीत जातं आणि मंडळी पुन्हा सैल होतात. म्हणूनच तीन महिन्यांचा कोर्स, आणि तोसुद्धा पुन्हा पुन्हा. आज घेतली आणि उद्या गुण आला असं नाही. ताप आल्यावर घेऊन तर काहीच उपयोग नाही.

गुण येतो का? येतो, पण मोजून मापून. वरचेवर आजारी पडणाऱ्या मुलांवरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा श्वसनाचे आजार सरासरी ३५ ते ४० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. म्हणजे वर्षात पाच-सहा वेळा आजारी पडणारं मूल तीन-चार वेळा पडेल. त्याचबरोबर तपासणाऱ्यांनी हेही लिहिलं की यातल्या बऱ्याच चाचण्यांचा दर्जा चांगला नाही. तुर्कस्तानात घरघर लागणाऱ्या ७५ लहान मुलांवर झालेली चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात घरघरीचे झटके ३८ टक्क्यांनी कमी झाले. आमच्या हिच्यासारख्या मोठ्या माणसांचं काय? कॅनडात सीओपीडीच्या ३८१ रुग्णांवर सहा महिने पाहिलं. आजार उफाळण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं, पण अर्क घेणाऱ्या गटाचे इस्पितळातले दिवस निम्म्याहून कमी भरले. १९९७ चा हा निकाल उत्साह वाढवणारा आहे, पण कोड्यात टाकणाराही आहे.

२०१९ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने सगळे कागद पुन्हा काढून बसून तपासले. त्यांनी सांगितलं की ही औषधं वारंवार होणारा श्वसनाचा संसर्ग टाळण्यासाठी द्यायला हरकत नाही. पण आलेल्या आजारावर उपचार म्हणून देऊ नयेत आणि न्यूमोनिया टाळण्यासाठीही देऊ नयेत, कारण तसा पुरावा नाही. शिवाय कंपन्यांनी २०२६ पर्यंत नव्या चाचण्यांची माहिती द्यावी असंही बजावलं.

"न्यूमोनिया टाळण्यासाठी नाही." हे वाक्य मी वाचलं, पण उशिरा.

झालं असं की पहिले दोन पावसाळे हिला छान गेले. कॅप्सूलने की पंपाने की नुसत्या योगायोगाने, कोण सांगणार? पण मी सगळं श्रेय कॅप्सूलला दिलं. गच्चीवर, मंदिरात, सर्वसाधारण सभेत चहाच्या वेळी, मी बिनपगारी एजंटच झालो होतो. आपल्यापैकी चार घरांनी माझ्या शब्दावर, डॉक्टरांना न विचारता त्या आणल्या. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन लसी, फ्लूची आणि न्यूमोनियाची, मी पुढे ढकलल्या. म्हटलं, कॅप्सूल आहे ना, मग सुया कशाला?

तिसऱ्या वर्षी आषाढात हिला ताप आला. पहिल्या दिवशी मी म्हटलं, कॅप्सूल चालू आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी हिने जेवण सोडलं, तरी मी तेच म्हटलं. तिसऱ्या रात्री शेजारच्या वहिनी सहज डोकावल्या, हिचे ओठ त्यांनी पाहिले आणि मला न विचारता ॲम्ब्युलन्सला फोन केला. धुवांधार पावसात एक्स्प्रेसवेने पुण्याला गेलो. न्यूमोनियाच होता. नऊ दिवस अतिदक्षता विभागात काढले. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "काका, दोन दिवस आधी यायला हवं होतं."

औषधाचं नाव मी सांगत नाही, कारण चूक औषधाची नव्हती. ते जेवढं करतं म्हणून सांगितलं होतं, तेवढंच ते करत होतं. मी त्याच्याकडून गॅरंटी घेतली, जी त्याने कधी दिलीच नव्हती. पस्तीस वर्षं नोकरीत कर्जदारांना मी सांगत आलो, "कागद पूर्ण वाचा, मगच सही करा." घरच्या बाबतीत मी स्वतःच वाचला नाही. ज्या चार घरांनी माझ्या शब्दावर पैसे खर्च केले, त्यांची आज जाहीर माफी मागतो.

आता याच्याच जवळचा एक विषय. "गावाकडची मुलं मातीत वाढतात म्हणून ठणठणीत, आपली फ्लॅटमधली नाजूक", हे आपण नेहमी म्हणतो. त्यात थोडं तथ्य आहे. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे शेतकऱ्यांचे दोन पंथ आहेत. मूळ एकच, खाणंपिणं सारखं. आमिश लोक घराला लागून गाईगुरं ठेवतात, मुलं गोठ्यात खेळतात. हटराइटांची शेती यंत्रावर, गोठे लांब. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दम्याचं प्रमाण आमिश मुलांत सुमारे ५ टक्के आणि हटराइट मुलांत २१ टक्के निघालं. आमिश घरातल्या धुळीत जंतूंच्या कवचातला एक पदार्थ सुमारे सातपट होता. म्हणजे कॅप्सूल जे करू बघते, ते तिथे गोठा फुकटात करतो.

पण म्हणून कामशेत-वडगावच्या गोठ्यात नातवंडांना नेऊन बसवा असं मी म्हणत नाही. त्याच मावळात चुलीचा धूर होता आणि त्याने आमच्या हिची फुप्फुसं घालवली. माती वेगळी आणि धूर वेगळा. आणि आपल्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात खिडक्या बंद करून आपण डासांची कॉइल लावतो. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असू शकतात, असं २००३ साली एका अभ्यासात मोजलं गेलं. मच्छरदाणी वापरा एवढीच माझी विनंती.

शेवटी मुद्द्याचं बोलतो. रौप्यमहोत्सवी निधीतून ज्येष्ठांसाठी 'प्रतिकारशक्तीच्या' कॅप्सूल घाऊक भावात आणाव्यात, अशी एक सूचना कार्यकारिणीकडे आली आहे. सूचना प्रेमापोटी आहे आणि तिचं मूळ माझ्याच बडबडीत आहे हे मला माहीत आहे. माझा तिला विरोध नोंदवून घ्यावा. ही कॅप्सूल सगळ्यांना वाटायची गोष्ट नाही. जो वारंवार आजारी पडतो त्याला, डॉक्टरांनी तपासून, लिहून दिली तरच घ्यावी. ज्यांना अवयव बदललेला आहे, ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, त्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. पोट बिघडणं, अंगावर पुरळ येणं हेही काहींना होतं.

त्याऐवजी त्याच पैशात दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, साठीपुढच्या सभासदांसाठी लसीकरणाचं शिबिर घ्यावं. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, त्यामुळे लस त्याआधीच व्हायला हवी. न्यूमोनियाची लस कोणती आणि कधी ते डॉक्टर ठरवतील. लहानग्यांना तर ती सरकारी कार्यक्रमातच मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. आणि सोसायटीच्या ऑफिसात ऑक्सिजन मोजायचं एक बोटाचं यंत्र ठेवावं, मध्यरात्रीसुद्धा मिळेल असं. ज्या रात्री ते आमच्याकडे असतं, त्या रात्री नऊ दिवसांचे कदाचित चार झाले असते.

कैवल्यधाम इथून हाकेच्या अंतरावर आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते स्थापन केलं, ते योग यंत्रांवर मोजून बघण्यासाठी. लोक काय म्हणतात त्यापेक्षा मोजून काय निघतं ते बघा, हा धडा आपल्या गावाला शंभर वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. मी तो जरा उशिरा गिरवला.

हिची कॅप्सूल डॉक्टरांनी अजून चालू ठेवली आहे. दोन्ही लसी झाल्या आहेत. आणि ताप आला की कुणाचं ऐकायचं नाही, विशेषतः माझं, असं तिने शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलं आहे.

 चहा तयार आहे असं दिसतंय.